नव्या देशाचे तत्त्वज्ञान नेमके कुणाला बांधते? उजामाविषयीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

राज्यसेवा परीक्षेसाठी राज्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या ऐरोलीच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: टांझानियाने स्वातंत्र्यानंतर ‘उजामा’ (स्वाहिलीत कुटुंबभाव) हे आपले सामाजिक तत्त्वज्ञान म्हणून स्वीकारले, ते सपशेल फसले असे एका प्रकरणात वाचायला मिळते आणि टांझानिया हा आफ्रिकेतील राष्ट्रबांधणीचा आदर्श आहे असे दुसऱ्या प्रकरणात, तर यांपैकी खरे काय मानायचे? आणि ओघानेच आलेला पुढचा प्रश्न, की भारतानेही १९४७ नंतर असे एखादे तत्त्वज्ञान अधिकृतपणे ठरवून टाकले असते, तर आपली राष्ट्रीय ओळख अधिक पक्की झाली असती का?

मी ठाण्यात अनेक वर्षे पदवीच्या विद्यार्थ्यांना राज्यशास्त्र शिकवले. आता नौपाड्यात आमचा एक अभ्यासवर्ग चालतो आणि त्यात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचे मूळ दस्तऐवज आम्ही एकेक कलम घेऊन वाचतो. तुमचा प्रश्न या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझ्या मते अडचण ‘यशस्वी की अपयशी’ या मांडणीतच आहे. सामाजिक तत्त्वज्ञान म्हटले की त्यात उत्पादन आणि वाटप कसे करायचे हा कार्यक्रम असतो, राज्य कोणत्या रीतीने चालवायचे याचा संकेत असतो आणि आपण सगळे एकमेकांचे कोण लागतो याचे उत्तरही असते. पाठ्यपुस्तके या सगळ्यांना मिळून एकच गुण देतात. त्याऐवजी मी विद्यार्थ्यांना एक साधी कसोटी लावायला सांगतो: या तत्त्वज्ञानाने प्रत्यक्षात कुणाला बांधले? राज्यकर्त्यांना, की ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना? उजामाचा इतिहास या कसोटीवर घासला की वरची दोन्ही विधाने खरी का आहेत हे बऱ्याच अंशी उलगडते.

त्याआधी परिस्थितीचा वाटा प्रांजळपणे मान्य करायला हवा, कारण तो मोठा आहे. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा तिथे सव्वाशेच्या आसपास जमाती होत्या, पण त्यांतला एकही समाज इतका मोठा नव्हता की इतरांना त्याची धास्ती वाटावी. सर्वांत मोठा सुकुमा समाजसुद्धा लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून कमी होता. पहिले नेते ज्युलियस न्येरेरे ज्या झनाकी जमातीचे, ती अगदीच लहान. त्यामुळे त्यांच्या सत्तेवर ‘अमुक जमातीचे राज्य’ असा शिक्का मारणे कुणालाच शक्य नव्हते. शेजारच्या केनियात गोऱ्या वसाहतदारांनी सुपीक जमीन बळकावली होती आणि त्या जमिनीच्या वाटपावरून स्वातंत्र्यानंतर समाजासमाजांत तेढ वाढली. टांगानिकात गोऱ्यांची वस्ती त्या मानाने विरळ होती. स्वाहिली भाषा किनारपट्टीवरील व्यापाऱ्यांबरोबर शंभर वर्षे आधीच आत पोहोचली होती, जर्मनांनी आणि नंतर इंग्रजांनी ती खालच्या पातळीवरील कारभारात व शाळांत वापरली होती. १९५४ साली स्थापन झालेल्या न्येरेरे यांच्या ‘टानू’ या पक्षाने १९६० च्या निवडणुकीत ७१ पैकी ७० जागा जिंकल्या, म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरलाच नव्हता. ज्या देशात दोन बलाढ्य समाज समोरासमोर उभे आहेत, तिथे हेच तत्त्वज्ञान नेऊन लावले तर हेच फळ मिळेल असे मी म्हणणार नाही.

तरीही परिस्थितीने फक्त वाट मोकळी केली होती. त्या वाटेने चालण्याचे निर्णय कुणीतरी घेतले. त्यांतला पहिला निर्णय उजामाची पुस्तिका निघण्याच्याही आधीचा आहे. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये नागरिकत्वाच्या विधेयकावर चर्चा चालू असताना नागरिकत्व केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांना द्यावे, अशी मागणी खुद्द सत्ताधारी पक्षातील काही सदस्यांनी केली. ती लोकप्रिय मागणी होती, कारण व्यापार आशियाई कुटुंबांच्या हातात होता आणि वरची पदे गोऱ्यांच्या. न्येरेरे यांनी तिला ठाम विरोध केला आणि नागरिकत्व वंशाच्या नव्हे, तर देशनिष्ठेच्या आधारावर ठरेल ही भूमिका शेवटपर्यंत सोडली नाही. बहुमत पाठीशी असताना बहुमताच्याच रागाला आवर घालणारा हा निर्णय होता, आणि राष्ट्रीय ओळखीचा पाया अशाच वेळी पडतो असे मला वाटते.

एप्रिल १९६२ मध्ये न्येरेरे यांची उजामावरील छोटी पुस्तिका आली. मांडणी थोडक्यात अशी, की आफ्रिकी समाजात जमीन कुणाच्या खासगी मालकीची नव्हती, प्रत्येकाने कष्ट करावेत आणि कुणीही उपाशी राहू नये हा विस्तारित कुटुंबाचा रिवाज होता, आणि नव्या देशाने ते कुटुंब जमातीपुरते न ठेवता संपूर्ण राष्ट्रापर्यंत वाढवावे. इतिहास म्हणून या चित्रात बराच भाबडेपणा आहे. त्या जुन्या समाजांत सरदार होते, गुलामीही होती आणि बायकांच्या कष्टांना मोजदाद नव्हती. पण ही पुस्तिका इतिहास सांगण्यासाठी लिहिलेली नसून एक नैतिक दावा मांडण्यासाठी लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवून ती वाचली पाहिजे.

त्या दाव्याला दात आले ते १९६७ साली. फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या टानू पक्षाच्या अरुशा जाहीरनाम्याचा उल्लेख सर्वत्र होतो तो बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणासाठी. आमच्या वर्गात मात्र आम्ही त्यातील नेतृत्वसंहितेवर सर्वाधिक वेळ घालवतो. पक्षाच्या किंवा सरकारच्या कोणत्याही नेत्याने कंपनीचे समभाग बाळगू नयेत, खासगी उद्योगात संचालकपद घेऊ नये, एकाहून अधिक पगार घेऊ नयेत आणि घर भाड्याने देऊ नये, अशी ती कलमे आहेत. ‘नेता’ या शब्दात मंत्री आणि खासदार येतातच, पण मधल्या फळीतील सरकारी अधिकारीही येतात, आणि पती किंवा पत्नीच्या नावावर मालमत्ता करून पळवाट काढता येऊ नये म्हणून दोघांनाही ती संहिता लागू आहे. गेल्या खेपेस हे वाचन झाले तेव्हा पहिल्या तीन कलमांवर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चौथ्या कलमावर वर्ग एकदम पेटला. आमच्याकडे महापालिकेतून आणि बँकांतून निवृत्त झालेले बरेच जण येतात. नोकरीत असताना घोडबंदर रस्त्याला दुसरी सदनिका घ्यायची, ती भाड्याने द्यायची आणि त्या भाड्यावर म्हातारपण काढायचे, हा ठाण्यातील मध्यमवर्गाचा रूढ हिशेब आहे. त्यात गैर ते काय, असा एका गृहस्थांचा रास्त प्रश्न होता. त्यावर त्यांच्याच वयाच्या एका बाईंनी असे मांडले, की गैर काही नाही, पण शहराचे भाडे किती असावे याचा कायदा करणारा माणूस स्वतःच घरमालक असेल तर भाडेकरूने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? या संहितेचा हेतू यापेक्षा नेमक्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

ही संहिता सगळ्यांनी सगळ्या काळात पाळली असे नाही. पण वर बसलेल्यांना खालच्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी सोडावे लागले, ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली. त्याआधीच्या वर्षी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, तेव्हा न्येरेरे यांनी तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांना घरी पाठवले आणि त्याच वेळी स्वतःच्या पगारात २० टक्के कपात केली. विद्यार्थ्यांवरील कारवाई मला कठोर वाटते. पगारकपातीमुळे तिचा अर्थ मात्र बदलला, हेही नाकारता येत नाही.

आता राष्ट्रीय ओळखीकडे वळतो. इथे तत्त्वज्ञानाच्या पुस्तिकेपेक्षा रोजच्या व्यवहारातील व्यवस्थांनी जास्त काम केले. परंपरागत सरदारांचे प्रशासकीय अधिकार १९६३ साली रद्द झाले, त्यामुळे कामासाठी जमातीच्या प्रमुखाच्या दारात जाण्याची गरज संपली. प्राथमिक शिक्षण १९६७ पासून सर्वत्र स्वाहिलीतून सुरू झाले. माध्यमिक शाळेसाठी मुलांना दुसऱ्या प्रांतातील वसतिगृहात पाठवले जाई आणि शिक्षक, अधिकारी यांच्या नेमणुकाही त्यांच्या स्वतःच्या मुलखाबाहेर केल्या जात. डोंगराळ किलिमांजारो भागातील मुलगा दक्षिणेकडच्या रुवुमात चार वर्षे राहिला, तिथल्या मुलांबरोबर शेतात राबला आणि त्यांच्या घरी जेवला, की ‘ती माणसे’ हा शब्दप्रयोग त्याच्या तोंडून सहज निघत नाही. जनगणनेत जमात विचारण्याची पद्धत १९६७ नंतर बंद झाली.

भाषेच्या बाबतीत न्येरेरे यांनी केवळ आदेश काढला नाही. राष्ट्राध्यक्षपद सांभाळत असताना त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’चा स्वाहिली अनुवाद केला, तो १९६३ साली प्रसिद्ध झाला, आणि १९६९ साली ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चाही अनुवाद आला. राज्यकारभाराची आणि मोठ्या साहित्याची भाषा होण्याची कुवत स्वाहिलीत आहे, हे त्यांनी स्वतः कष्ट घेऊन दाखवले. शिवाय ती बहुसंख्यांची मातृभाषा नव्हती. सुकुमा, चागा, हेहे, हाया या सगळ्यांनाच ती शिकावी लागणार होती आणि त्यामुळे कुणी कुणापुढे हरल्याची भावना आली नाही. मातृभाषांवर याचा परिणाम झालाच: शाळेत त्यांना जागा उरली नाही आणि हळूहळू त्या घरापुरत्या झाल्या. आपण मराठी माणसांनी तरी ही किंमत हलक्यात घेऊ नये.

या सगळ्याचा परिणाम मोजण्याचा एक चांगला प्रयत्न अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड मिगेल यांनी केला आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी केनियातील बुसिया आणि टांझानियातील मेयाटू या दोन ग्रामीण जिल्ह्यांची तुलना केली. बुसियात ज्या गावांत अनेक जमाती मिसळून राहतात, तिथे शाळेसाठी वर्गणी कमी जमते आणि शाळांची अवस्थाही वाईट दिसते; मेयाटूत जमातींच्या सरमिसळीचा असा दुष्परिणाम त्यांना आढळला नाही. शाळेच्या छपरासाठी दुसऱ्या जमातीच्या शेजाऱ्याबरोबर पैसे घालायला माणूस तयार होतो का, ही राष्ट्रीय ओळखीची मला सर्वांत विश्वासार्ह खूण वाटते. दोन जिल्ह्यांवरून संपूर्ण देशाविषयी ठाम निष्कर्ष काढू नये, एवढी सावधगिरी मात्र उत्तरपत्रिकेत जरूर नोंदवा.

आता दुसरी बाजू. उजामाचा ग्रामीण कार्यक्रम असा होता, की विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवरील शेतकऱ्यांनी स्वेच्छेने एकत्र येऊन गावे वसवावीत आणि काही शेती सामायिक करावी. दक्षिणेतील रुवुमा भागात असे खरोखर घडले होते. लिटोवा आणि आसपासच्या गावांनी स्वतःची संघटना उभारली, शाळा चालवल्या आणि निर्णय गावच्या सभेत घेतले. न्येरेरे यांना त्या प्रयोगाचे कौतुक होते. पण या गावांना पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांची गरज उरली नव्हती आणि तेच त्या पुढाऱ्यांना खुपत होते. १९६९ साली पक्षाने ही संघटना बरखास्त केली. ज्या एका ठिकाणी तत्त्वज्ञान लोकांच्या स्वतःच्या हातात होते, तेच ठिकाण बंद करण्यात आले, आणि माझ्या मते उजामाच्या ग्रामीण कार्यक्रमाचे भवितव्य तिथेच ठरून गेले.

स्वेच्छेने पुरेशी गावे वसत नाहीत असे दिसल्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये जाहीर झाले, की गावात राहणे हा आता आदेश आहे आणि १९७६ अखेर ते पूर्ण झाले पाहिजे. पुढच्या तीन वर्षांत किमान ५० लाख लोकांना हलवण्यात आले. पुष्कळ ठिकाणी जुनी घरे पाडली किंवा जाळली, म्हणजे परतायला जागाच राहू नये. नव्या गावांच्या जागा निवडताना जमिनीचा कस आणि पाण्याची सोय पाहण्याऐवजी रस्ता किती जवळ आहे हे पाहिले गेले, कारण नकाशावर आखायला आणि मोटारीतून तपासायला तेच सोपे होते. काजूच्या पट्ट्यात काय घडले ते कोकणाशी नाते असलेल्या वाचकाला चटकन समजेल. काजूच्या झाडाखालचे रान साफ केले नाही तर गळलेली बी गवतात दिसत नाही आणि वणव्यात झाडही जाते. शेतकरी झाडांपासून कित्येक मैल दूर नेऊन बसवल्यावर रोज ती पायपीट कोण करणार? टांझानियाचे काजू उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर जे घसरले, त्याला सरकारी खरेदीचे पडेल भाव आणि झाडांवरील रोग हीही कारणे होती, पण स्थलांतर हे त्यांतले एक मुख्य कारण होते. त्याच सुमारास दुष्काळ पडला, १९७३ च्या तेलसंकटाने आयातीचा खर्च वाढवला आणि धान्य परदेशातून मागवावे लागले. म्हणून ‘उजामामुळे अर्थव्यवस्था कोसळली’ हे वाक्य अर्धवट आहे. आदेशाने झालेल्या स्थलांतराने शेतीचे नुकसान केले, आणि त्याच वेळी बाहेरचे तडाखेही बसले, असे लिहिणे अधिक अचूक ठरेल.

नवी मुंबईत राहणाऱ्याला यातील एक गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. आमच्या वर्गातील घणसोलीच्या एका आगरी कुटुंबातल्या मुलीने हे प्रकरण वाचल्यावर, आपल्या आजोबांची भातशेती नव्या शहरासाठी गेली तेव्हा त्यांना कुणी विचारले होते का, हा प्रश्न सर्वांसमोर ठेवला. नवे शहर वसवणे आणि उजामाची गावे वसवणे यांची बरोबरी होऊ शकत नाही. इथे न्यायालये होती, विरोधी पक्ष होते, दि. बा. पाटील यांच्यासारखे नेते होते, १९८४ साली जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला तेव्हा त्याची दाद मागता आली आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना पदरात पडली. पण फरक नेमका याच ठिकाणी आहे. टांझानियाच्या शेतकऱ्याला १९६५ पासूनच्या एकपक्षीय राज्यात दाद मागायला दुसरी जागाच नव्हती.

या तत्त्वज्ञानाच्या कुटुंबात कोण मावले नाही, तेही पाहिले पाहिजे. एप्रिल १९७१ च्या कायद्याने एक लाख शिलिंगांपेक्षा जास्त किमतीच्या भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण अशा इमारती बहुतांशी आशियाई, त्यातही कच्छी आणि गुजराती कुटुंबांच्या होत्या आणि त्यानंतर त्यांतली अनेक कुटुंबे देश सोडून गेली. १९६१ साली वंशाच्या पलीकडचे नागरिकत्व ज्यांना मिळाले, त्यांनाच दहा वर्षांनी आपण परके आहोत असे वाटू लागले. किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटांची कथा तर वेगळीच आहे. १२ जानेवारी १९६४ च्या रक्तरंजित क्रांतीनंतर तीन-साडेतीन महिन्यांत, २६ एप्रिलला, टांगानिका आणि झांझिबार यांच्या नेत्यांमधील करारातून टांझानियाचे संयुक्त प्रजासत्ताक जन्माला आले. सामान्य बेटवासीयांना कुणी विचारले नाही. या संघराज्याबद्दलची नाराजी आजही पुरती शमलेली नाही आणि जानेवारी २००१ मध्ये झांझिबारमधील पेंबा बेटावर निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अनेकांचा जीव गेला. शिवाय खटला न चालवता कैदेत ठेवण्याची मुभा देणारा कायदा १९६२ पासूनच होता आणि तो राजकीय विरोधकांवर व कामगार पुढाऱ्यांवर वापरला गेला.

थोडक्यात, आतापर्यंत एवढे हाती लागते: नागरिकत्व, नेतृत्वसंहिता, कुणाच्याच मालकीची नसलेली भाषा, सरदारांच्या अधिकारांचा अंत या गोष्टींत तत्त्वज्ञानाने बलवानांना बांधले आणि तिथे आपलेपणा निर्माण झाला. गावे वसवताना, इमारती ताब्यात घेताना आणि विरोधकांना गप्प करताना त्याच तत्त्वज्ञानाने फक्त दुर्बलांना बांधले, आणि तिथे पीकही गेले व विश्वासही गेला.

इतर देशांत ही कसोटी कितपत टिकते? इंडोनेशियात सुकर्णो यांनी १ जून १९४५ च्या भाषणात ‘पंचसिला’ ही नव्या राष्ट्राच्या पायाची पाच तत्त्वे मांडली. त्याच वर्षी १८ ऑगस्टला, मुस्लिमांना शरियतचे पालन बंधनकारक करणारे शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेतून वगळण्यात आले, कारण पूर्वेकडील ख्रिस्ती भागांना ते मान्य नव्हते. बहुसंख्य समाजाने स्वतःच एक पाऊल मागे घेतले होते. राष्ट्रभाषा म्हणूनही सर्वांत मोठ्या समाजाची जावानीज न घेता व्यापारातील मलय घेतली. पुढे सुहार्तो यांच्या राजवटीत, १९७८ पासून, याच तत्त्वांचे सक्तीचे वर्ग सुरू झाले आणि १९८५ च्या कायद्याने प्रत्येक संघटनेला तीच आपली एकमेव विचारसरणी म्हणून जाहीर करावी लागली. तेव्हा ती तत्त्वे निष्ठा तपासण्याचे हत्यार बनली. पाकिस्तानात १९४८ साली जिना यांनी ढाक्यात उर्दू हीच राष्ट्रभाषा असेल असे सांगितले, २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी आंदोलन करणारे विद्यार्थी गोळीबारात मारले गेले, आणि १९७१ साली देश फुटला. देश फुटण्याला इतर मोठी कारणे होती, विशेषतः १९७० च्या निवडणुकीचा निकाल नाकारला जाणे, पण अर्ध्याहून अधिक नागरिकांची भाषा गौण ठरवून सुरुवात झाली होती, हे विसरता येत नाही.

आता भारताकडे येतो. असे तत्त्वज्ञान लिहून टाकावे का, हा प्रश्न आपल्या संविधान सभेसमोर अगदी थेट आला होता. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शाह यांनी पहिल्याच अनुच्छेदात भारत हा ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यीय, समाजवादी’ राज्यांचा संघ असेल असे शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. समाजाची रचना कशी असावी हे लोकांनी त्या त्या काळातील परिस्थिती पाहून स्वतः ठरवायचे असते आणि ते घटनेत कायमचे लिहून ठेवणे म्हणजे लोकशाहीच नष्ट करणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आर्थिक समतेची दिशा मार्गदर्शक तत्त्वांत दिलेलीच आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. समतेसाठी आयुष्य वेचलेला माणूस समतेची एक ठरावीक व्यवस्था पुढच्या पिढ्यांवर लादायला नकार देतो, हे मला संविधान सभेच्या कामकाजातील अत्यंत मोलाचे स्थळ वाटते, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर तेच आहे. आपण तत्त्वज्ञान लिहिले नाही असे नव्हे. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे लिहिली, पण ती मूलभूत हक्कांच्या रूपाने प्रथम राज्यसंस्थेला बांधणारी म्हणून लिहिली, आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवताना समाजातील बलवानांनाही बांधले.

याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते, की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, आणि बंधुता नसेल तर स्वातंत्र्य व समता वरवरची ठरतील. या बाबतीत टांझानियाकडून शिकण्यासारखे आहे. नोंदवहीतून जमातीचा रकाना काढून टाकल्याने तिथे काम भागले, कारण जमातींमध्ये उच्चनीचतेची उतरंड नव्हती. आपल्याकडे जात ही उतरंड आहे. ती न विचारल्याने नाहीशी होत नाही, उलट अन्याय कुठे आहे हे दिसेनासे होते. मात्र मुलांनी परमुलखात एकत्र राहून, एका पंक्तीला जेवून शिकण्याची त्यांची व्यवस्था आपण मोठ्या प्रमाणावर कधीच उभी केली नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

भाषेबाबत आपण टांझानियाच्या नेमके उलटे केले. दिल्लीतील नेतृत्वाला प्रारंभी भाषावार प्रांतरचना देशाच्या ऐक्याला घातक वाटत होती. पोट्टी श्रीरामुलू यांच्या उपोषणात १५ डिसेंबर १९५२ रोजी झालेल्या मृत्यूनंतर आंध्र राज्य झाले, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक हुतात्मे झाल्यावर १ मे १९६० उजाडला. मराठी राज्य मिळाल्याने मराठी माणूस कमी भारतीय झाला नाही. अनेक भाषा शतकानुशतके साहित्य आणि राज्यकारभार वाहत आल्या असतील, तिथे एका भाषेचा मार्ग चालत नाही. जिथे एक मध्यस्थ भाषा कुणाचीच नसल्यामुळे सर्वांची होऊ शकते, तिथे तो चालतो. यात कोणता मार्ग श्रेष्ठ, असा प्रश्न मी लावत नाही.

शेवटी, तत्त्वज्ञान सोडून दिल्यावर ओळख टिकते का, हा उपप्रश्न तुमच्या वाचनात पुढे येईलच, म्हणून त्याविषयीही लिहितो. न्येरेरे १९८५ साली स्वतःहून राष्ट्राध्यक्षपदावरून दूर झाले, १९९१ साली पक्षाने झांझिबारमधील बैठकीत नेतृत्वसंहिता सैल केली आणि १९९२ साली अनेक पक्षांना परवानगी मिळाली. त्या वेळी केलेल्या कायद्यानुसार पक्षाला जमात किंवा धर्म यांच्या आधारावर उभे राहता येत नाही आणि नोंदणीसाठी किमान दहा प्रांतांतील सभासद दाखवावे लागतात, त्यांत झांझिबारचेही हवेत. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर जमातींमधील हिंसाचारात हजाराहून अधिक लोक मारले गेले; टांझानियाच्या मुख्य भूमीवर जमातींमध्ये तसे घडलेले नाही, म्हणजे ओळख टिकली. पण विरोधकाकडे कुटुंब फोडणारा म्हणून पाहण्याची एकपक्षीय काळातील सवयही टिकली आहे: एप्रिल २०२५ मध्ये प्रमुख विरोधी नेते टुंडू लिस्सू यांच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. उत्तर लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहा, कारण त्या एकाच मुळातून आल्या आहेत, आणि अरुशा जाहीरनाम्यातील नेतृत्वसंहितेची चार कलमे परीक्षेआधी एकदा मुळातून वाचा.